चिकटपट्टी लावलेली कॅसेट
परवा भाचीच्या वह्यांना कव्हर घालताना चिकटपट्टीचा वास आला आणि सिल्व्हर पार्कमधलं आमचं घर आठवलं. रेडिओवरची आवडती गाणी ताईने आणि मी वर्षभर एका कॅसेटवर भरली होती, आणि ती कुणी पुसू नयेत म्हणून कडेचे प्लॅस्टिकचे दोन्ही तुकडे मुद्दाम मोडले होते. ताईचं लग्न ठरलं, त्याच आठवड्यात मी कॅसेट लावली. मोडल्या जागी चिकटपट्टी लावून ताईनेच त्यावर दुसरी गाणी भरली होती, आम्ही दोघी नाक मुरडायचो ती रडकी गाणी! “अगं, ह्यांना आवडतात,” ती म्हणाली, “ऐकून तर बघ, छान आहेत.” आमची गाणी पुसली त्याहून ते ‘छान’ मला जास्त लागलं. हल्ली ती रडकी गाणी मी रोज ऐकते, पण ताईला अजून कळू दिलेलं नाही.