म्हशीचं फॅट सात, तात्यांची शुगर नऊ पॉइंट आठ

सांगलीतल्या आमच्या लॅबमध्ये दिवसभर गोळा झालेलं रक्त तपासून झालं की न्यायला गाडी येते. किस्से न्यायला मात्र कुणी येत नाही. ते माझ्या काउंटरमागंच साठत राहतात. नाव-वय लिहून घेणं आणि रिपोर्ट देणं, एवढंच माझं काम. रिपोर्ट समजावून सांगणं माझं काम नाही. पण डॉक्टर मॅडम आतल्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या, आणि पेशंटला बाहेर दिसते ती मी!

*

आमच्या रिपोर्टात आकडा कमी-जास्त असला की त्याच्यापुढं एक चांदणी छापून येते. कुपवाडच्या कारखान्यातले एक काका आणि त्यांच्या मिसेस दोघंही तपासून गेले. रिपोर्ट मिळाले आणि दुसऱ्या दिवशी काकू नवऱ्याला घेऊन काउंटरवर हजर.

"ह्यांना सहा चांदण्या आणि मला एकच? रक्त तर दोघांचं सारखंच घेतलं की!"

"काकू, चांदणी नसलेली बरी असते हो. ती गडबड दाखवते."

काकू हळूच नवऱ्याकडं वळल्या.

"आणि तुमी काल पानपट्टीवर समद्यांस्नी दाखवून आला व्हय!"

*

लोकांना हसते, पण माझं काय वेगळं आहे? स्टाफची तपासणी फुकट असते, म्हणून मीही हात पुढं केला. रिपोर्टात ईएसआर नावाचा आकडा थोडा वाढलेला. मी मॅडमना विचारायचं सोडून इंटरनेटला विचारलं. संध्याकाळपर्यंत मला तीन आजार झाले होते. त्यातला एक तर आपल्या देशात होतच नाही!

घरी जाऊन ह्यांना जवळ बसवलं, गॅसचं पुस्तक कुठं आहे, लेकीच्या क्लासची वेळ काय, सगळं सांगितलं. हे घाबरले. सकाळी मॅडमनी रिपोर्ट पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "नाक पूस आधी. सर्दी झालीय तुला."

*

आता रिपोर्ट मोबाईलवर येतो. मेसेज येतो, लिंक दाबायची, ओटीपी टाकायचा, की रिपोर्ट उघडतो. हे मी दिवसातून इतक्यांदा सांगते की परवा ह्यांनी चहा मागितला तर मी म्हटलं, "ओटीपी आला का?"

एक व्यापारी काका मात्र अडून बसले. "बँकेनं बजावलंय, ओटीपी कुणाला सांगायचा नाही."

"मला नका सांगू काका. मोबाईलमध्येच टाकायचाय."

"मोबाईललासुद्धा नाही सांगणार!"

शेवटी कागदावर छापून दिला.

*

पण खरी गंमत शिराळ्याकडच्या एका गावातली. तिथं आमचा कॅम्प होता. मी नावं लिहून घेत होते. मोबाईल नंबर विचारला की जो तो एकच नंबर सांगायचा. दूध डेअरीचे सेक्रेटरी बबनराव, त्यांचा! मी काय, खुश. एकच नंबर, पाठ झाला, लिहायला सोपं!

त्याच रांगेत तात्या होते. फौजेतनं रिटायर झालेले सुभेदार, आता ऊस बघतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, तीन महिन्यांची शुगर आठच्या खाली आणा, मगच ऑपरेशन. आणि तात्यांना घाई होती. नातू फौजेत भरती झालेला, बेळगावला ट्रेनिंग चालू. ट्रेनिंग संपताना होणारी त्याची कसम परेड तात्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

"बाई, दोन दिस निस्ता कारल्याचा रस पिलोय. घ्या आता रक्त!"

रिपोर्ट आला, नऊ पॉइंट आठ. मी बबनरावांच्याच फोनवर तात्यांना समजावलं, "तात्या, ही तपासणी मागच्या तीन महिन्यांचं सगळं सांगते."

"म्हंजे ही मागचं बी उकरून काढती? मिलिटरी पोलीसच की वो ही!"

*

आता गावातले सगळे रिपोर्ट गेले बबनरावांच्या फोनवर. आणि डेअरीत रोज संध्याकाळी लोक दूध घालायला आले की बबनराव काय करतात? ज्याचं त्याचं फॅट मोठ्यानं सांगतात. त्या दिवशीही सांगितलं.

"आक्का, म्हशीचं फॅट सात! तुमचं कोलेस्ट्रॉल दोनशे साठ!"

डेअरीत आकडा जास्त म्हणजे चांगला. लोकांनी आक्कांना शाबासकी दिली. तात्यांच्या नऊ पॉइंट आठला तर टाळ्या पडल्या! दुसऱ्या दिवशी आक्कांचा मला फोन, "आवं बाई, दोनशे साठला दर काय बसतूय?"

मॅडमनी डोक्याला हात लावला. "अगं, ही खाजगी माहिती असते माणसाची!" बबनरावांना झापलं, त्याआधी मला झापलं. बबनरावांनी दुसऱ्या दिवशी डेअरीत जाहीर करून टाकलं, "काल टाळ्या वाजवल्या त्या परत घ्या. जास्त म्हंजे वाईट हाय!"

*

आता तात्यांचा आकडा सगळ्या गावाला पाठ. हॉटेलात गेले की चहावाला ओरडायचा, "नऊ पॉइंट आठ आलं रं, बिनसाखरेचा टाक!" गुऱ्हाळावर काकवीची वाटी तोंडाला लावणार, तोच कुणीतरी मागनं काढून घ्यायचं. आक्कांनी तर जावळाच्या जेवणात तात्यांच्या पानातला लाडू उचलून स्वतःच्या पानात घेतला. आक्कांना वाटलं, आपलं नुसतं कोलेस्ट्रॉलच तर आहे!

तीन महिन्यांनी तात्या परत आले तेव्हा मी शहाणी झाले होते. "तात्या, आता तुमच्या घरचा नंबर द्या."

"बबनचाच लिवा. त्यानं वरडून सांगितल्याबिगर गाव ऐकत न्हाई, आन् गावानं अडवल्याबिगर मी ऐकत न्हाई!"

मॅडमनी तात्यांची संमतीच्या कागदावर सही घेतली.

संध्याकाळी बबनरावांचा फोन. मागं कॅनचा खडखडाट.

"बाई, तात्यांचं सात पॉइंट चार आलंय. आमच्याकडं आकडा पडला की माणूस रडतूय. हितं काय करायचं?"

"हसायचं!" मी ओरडले. "ऑपरेशन होणार!"

पलीकडं एकदम एवढा आरडाओरडा झाला की बबनरावांचा पुढचा शब्द ऐकूच आला नाही.

*

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन छान झालं. परेडही झाली. परवा तात्या मुद्दाम लॅबमध्ये आले. काळा चष्मा, मिशीला पीळ.

"काय तात्या, दिसली का परेड?"

"आवं, दिसली म्हंजे काय! पोरांच्या बुटाची नाडी न् नाडी दिसत हुती. टोपीवरचा बिल्ला दिसत हुता. लय झ्याक!"

"आणि नातू?"

तात्या खुर्चीत सरसावून बसले.

"आता बघा. समद्यांस्नी एकच ड्रेस. एकच टोपी. हजामत एकसारखी, चाल एकसारखी. सून म्हणती तिसऱ्या रांगंत हाय, ल्योक म्हणतूय पाचव्या. डोळं फाडून फाडून बघितलं बाई, पर आपला कंचा, काय उमगंना!"

"अगं बाई! मग?"

"मग काय? हुबा ऱ्हायलो, आन् समद्यांस्नीच सॅल्यूट ठोकला."