जुळवेकाकांची बिघडलेली पत्रं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे जुळवेकाका म्हणायचे. लग्नं जुळवत म्हणून नव्हे, शब्द जुळवत म्हणून. तेही इंग्रजी.

आमचा कारखाना औषधाच्या काचेच्या बाटल्यांचा. माल परदेशी जायचा आणि तिकडून तक्रारी यायच्या. बाटलीला तडा गेला, झाकण सैल बसतंय, खोकं भिजून आलं. या प्रत्येक पत्राला उत्तर लिहिणारा माणूस एकच, जुळवेकाका. ते लिहिणार, टायपिस्टबाई टाइप करणार, साहेब न वाचता सही ठोकणार आणि मी पाकिटात घालून जावक नोंदवहीत चढवणार. इंग्रजीचं आणि माझं शाळेपासूनच वाकडं. पण अकरा वर्षं मी त्यांच्यासमोर बसले, त्यामुळे त्यांच्या कामाबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी समजते.

त्यांचं टेबल कपाटांमागच्या कोपऱ्यात होतं. खिडकी होती, पण ती गोदामाच्या भिंतीवर उघडायची. त्यांना बाहेर पडायचं तर आधी मी खुर्ची पुढे ओढायची, मग ते पोट आत घेऊन आडवे सरकायचे. दिवसातून चार वेळा हा कार्यक्रम चाले. पाचव्यांदा उठायला त्यांनाच लाज वाटायची.

एकदा एका वाक्यावर ते अर्धा तास अडले होते. मी वैतागून म्हटलं, "काका, कुठला तरी एक शब्द घाला ना. टपाल निघायची वेळ झाली."

"तू कधी ढसाढसा हसतेस का गं?"

"ढसाढसा रडतात, काका."

"का? हसलं तर काय बिघडतं?"

"का म्हणजे? तसं म्हणतच नाहीत."

"मग त्यांच्यातही तसंच आहे. त्यांच्यात खेद डीपली करतात आणि शिफारस स्ट्राँगली करतात. खेद स्ट्राँगली केला तर कळतं सगळ्यांना, पण दाताखाली खडा येतो. शब्दकोश अर्थ सांगतो, कोणाचं कोणाशी जमतं ते सांगत नाही. ते वाचून वाचूनच कळतं."

त्यांनी ते वाचून वाचूनच मिळवलं होतं. चपलांच्या एका रिकाम्या खोक्यात त्यांची कार्डं असायची. एका क्रियापदाला एक कार्ड. खाली त्याच्याशी जमणारे शब्द आणि ते कुठल्या पत्रात किंवा वर्तमानपत्रात दिसले त्याची तारीख. एखादी जोडी स्वतःच्या डोक्यातून आली असेल तर ती पेन्सिलीने लिहायचे. खऱ्या लिहिणाऱ्याच्या लेखणीत तीन वेळा सापडली की मगच शाईने. बावीस वर्षांत खोकी तीन झाली होती.

शब्दांचे संसार असे मांडून देणाऱ्या या माणसाचा स्वतःचा संसार मात्र बसने सहा तासांवर होता. काकू तिकडच्या सरकारी रुग्णालयात नर्स. काकूंची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्यांना गाव सोडता येईना. काकांनी नोकरी सोडावी तर एक्कावन्नाव्या वर्षी दुसरीकडे दारात कोण उभं करणार? एकाआड एक शनिवारी ते जायचे आणि रविवारी जेवून निघायचे. मुलगी अकरा वर्षांची. एका रविवारी तिची मैत्रीण दारात आली, बैठकीत काकांना बसलेलं पाहून म्हणाली, "तुमच्याकडे पाहुणे आलेत, मी नंतर येते." आणि मुलगी म्हणाली, "हो, संध्याकाळी ये. तोवर जातील." काकांनी हे मला हसत सांगितलं. मला मुळीच हसू आलं नाही.

काकूंच्या गावात आमच्या कंपनीची शाखा होती. काकांनी चार वेळा बदली मागितली. आमच्याकडे अशा अर्जाला उत्तर इंग्रजीतच द्यायचं, अशी रीत, आणि ऑफिसातलं इंग्रजी म्हणजे काका. त्यामुळे साहेब अर्जाच्या कोपऱ्यात लिहायचे, 'नाही. चांगल्या शब्दांत कळवा', आणि कागद फिरून काकांच्याच टेबलावर यायचा. मग काका स्वतःलाच कळवायचे की आपल्या विनंतीचा आम्ही केअरफुली विचार केला आहे आणि नकार देताना आम्हाला डीपली खेद होतो. मी ते पाकिटात घालायचे, नोंदवायचे आणि खुर्चीतून हात लांब करून त्यांना द्यायचे. ते पोच म्हणून सही करायचे. मी रागाने लाल व्हायचे, आणि हा माणूस म्हणायचा, "पत्र छान झालंय पण."

पाचव्या वेळची गोष्ट वेगळी होती. त्या शाखेतले जुने कारकून तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. ती एक खुर्ची भरली की काका निवृत्त होईपर्यंत तिथे दुसरी रिकामी होणार नव्हती. तोवर मुलगी लग्नाची झाली असती. काका स्वतः साहेबांच्या खोलीत गेले आणि दहा मिनिटांत परत आले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्यासारखं इंग्रजी लिहिणारा दुसरा आणून द्या, लगेच सोडतो."

"मग वाईट लिहा ना!" मी म्हणून गेले. "महिनाभर भंगार लिहा. तक्रारी आल्या की ते स्वतःच तुम्हाला बसमध्ये बसवून देतील."

ही अक्कल माझी. ते मी लपवणार नाही.

त्यांना पटायला आठवडा लागला. पटल्यावर हात चालेना. पेन घेऊन बसायचे, एक चुकीची जोडी लिहायचे आणि खोडायचे. तेलाचा डाग पडलेला शर्ट घालून बाहेर जायला सांगावं तसा चेहरा. शेवटी एका दुपारी त्यांनी डोळे मिटून पत्र लिहिलं आणि माझ्यापुढे टाकलं. खेद स्ट्राँगली, आशा हेव्हिली, तपासणी डीपली.

"वाच," म्हणाले, "सगळे परक्याच्या घरात बसलेत."

मला काय कळणार? मला ते नेहमीसारखंच दिसलं. टायपिस्टबाईंनी टाइप केलं, साहेबांनी सही केली, मी पाकीट चिकटवलं. पण दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. त्या आठवड्यातही नाही. काकांनी अशी तेरा पत्रं पाठवली. शेवटची काही तर त्यांच्या मते वाचवत नव्हती. उत्तरं नेहमीसारखी आली, माल मिळाला, धन्यवाद. साहेबांनी चहाच्या वेळी काकांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "परवाचं पत्र झकास होतं हं."

त्या दिवशी काका जेवले नाहीत. डबा उघडून तसाच बंद केला. बावीस वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यांना इथे डांबून ठेवलं होतं, ती कोणाला दिसतच नव्हती. चांगलं लिहिलं तेही झकास आणि वाईट लिहिलं तेही झकास. "मग मला ठेवलंय तरी कशाला?" त्यांनी विचारलं. मला एवढंच दिसत होतं की दोन महिने सरले होते.

आणि मग ते पत्र आलं. परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी विभागातल्या बाईंचं. चौदा वर्षं त्या आमच्याशी पत्रव्यवहार करत होत्या, कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. पत्र साहेबांच्या नावाने होतं. त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं, काकांच्या हातात कागद दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. मला कळावं म्हणून काका मराठीत सांगत गेले.

बाईंनी लिहिलं होतं की तुमची पत्रं जे लिहितात ते आजारी आहेत का? सही तुमची असते, पण लिहिणारे दुसरे; मला त्यांचं नाव माहीत नाही, पण त्यांचं लिहिणं मी ओळखते. माझ्याकडे नवीन माणूस आला की मी त्याला तुमची पत्रं दाखवते, दिलगिरी कशी व्यक्त करावी ते शिकायला. गेली तीन पत्रं त्यांची नाहीत, किंवा ते मोठ्या अडचणीत असताना लिहिलेली आहेत. ते बरे असतील तर मला कळवा. ते तुमच्याकडून गेले असतील, तर मला वाटतं तुमच्याकडे माझं लक्षपूर्वक ऐकणारं कोणी उरलेलं नाही, आणि पुढच्या वर्षीच्या मागणीचा मला विचार करावा लागेल.

काकांनी बाहीने डोळे पुसले. चौदा वर्षं कोणीतरी वाचत होतं. मलाही रडू आवरेना, पण माझं कारण वेगळं होतं. मला साहेबांचा चेहरा दिसत होता.

साहेब चिडले नव्हते. त्यांनी चहा मागवला. "अहो, कौतुक आहे हे! रडता काय? थकला असाल, चार दिवस रजा घ्या. पण बदलीचं आता डोक्यातून काढा. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुमच्यावर उभं आहे. त्या खुर्चीसाठी मी दुसऱ्याचं नाव कळवून टाकलं." मग हसून म्हणाले, "बाईंना उत्तर मात्र आजच जाऊ दे. तुम्हीच लिहा, दुसरं कोण लिहिणार?"

आम्ही आमच्या कोपऱ्यात परत आलो. काकांनी माझ्या टेबलावरून काकूंना फोन लावला. आधी बराच वेळ ते त्या बाईंबद्दलच बोलले. "अगं, शिकवायला वापरते ती माझी पत्रं! चौदा वर्षं!" लहान मूल बक्षीस दाखवतं तसं सांगत होते. मग काकूंनी काहीतरी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "दुसऱ्याला दिली."

पलीकडे काकूंनी मुलीला हाक मारलेली मलाही ऐकू आली.

"नको, तिला फोन देऊ नकोस. तूच सांग."

फोन ठेवून ते उत्तर लिहायला बसले. या वेळी एकदाही अडले नाहीत. पाच ओळींचं पत्र, सगळ्या जोड्या जिथल्या तिथे. एका ओळीवर बोट ठेवून मी विचारलं, हे काय लिहिलंय?

"फुल्ली रिकव्हर्ड," ते म्हणाले. "आमचा पत्रलेखक पूर्ण बरा झाला आहे, असं."

"खोटं आहे हे, काका."

"हो," ते म्हणाले. "पण तिथे तोच शब्द बसतो."

साहेबांनी सही केली. हे पाकीट फाडून टाकावं असं मला पुन्हा पुन्हा वाटत होतं. पण मी ते चिकटवलं, नोंदवलं आणि त्याच दिवशीच्या टपालात टाकलं.