दुसरी खेप

पत्नी गेल्यापासून मी संध्याकाळी बंदरावर जाऊन बसत असे. मुंबईच्या आगबोटीपर्यंत उतारू नेणाऱ्या पडावात माणसं चढवणारा तो कारकून तिथेच ओळखीचा झाला. आगबोट कंपनीच्या एजंटाचं बोलणं पुरं होण्याआधीच तो "होय साहेब, झालंच," म्हणायचा. एजंटाची पाठ वळली की छाती चोळत उभा राहायचा. घरी जेवण जात नाही, असं एकदा सहज बोलून गेला होता.

शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परतत होते. वारा उठला होता. पडाव काठोकाठ भरला, तरी एजंट ओरडला, "अजून दहा घे!"

कारकुनाने चढायची फळी ओढून घेतली. "नाय साहेब. बाकीचे दुसऱ्या खेपेला."

"आगबोट काय तुझ्या सासऱ्याची, थांबायला?" एक चाकरमानी खेकसला.

"थांबेल. पडावाच्या तांडेलाबरोबर निरोप धाडतो."

"उद्यापासून कामावर येऊ नकोस," एजंट म्हणाला.

"नाय येत. पण आज हा पडाव असाच जाणार."

पडावात मुलांना घेऊन बसलेल्या बायका एकदम त्याच्या बाजूने बोलू लागल्या. एजंट बाजूला झाला आणि पडाव सुटला.

आगबोट थांबली. दुसरी खेपही सुखरूप पोचली. घरी निघालेला एजंट कारकुनाकडे न बघताच म्हणाला, "उद्या वेळेवर ये."

मग कारकून माझ्याशेजारी येऊन बसला. "मास्तर, माझा आवाज फार चढला काय हो?"

"आगबोटीवर ऐकू गेला असेल."

"जाऊ दे गेला तर!" म्हणत तो खदखदून हसला. कित्येक महिन्यांनी मीही हसलो.