सवसनखोलाचा एक तास

ताजिकिस्तानच्या डोंगरांतल्या खोरोगच्या धावपट्टीशेजारी सवसनखोलाची चहाची टपरी आहे. खोला म्हणजे मावशी, आणि ती अख्ख्या गावाची मावशी. मी शो, राजधानी दुशान्बेच्या रस्त्यावर जीपमधून माणसं वाहतो, म्हणजे तिचा जन्माचा वैरी, कारण ती विमानाच्या पक्षाची. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी हे मलाही कळतं, पण तिची टाळी जरा जास्तच वाजते.

"हवेतून तीनशे किलोमीटरसुद्धा नाही. एक तास! आणि तुझ्या डबड्यातून? दुप्पट अंतर, अख्खा दिवस, वर हाडांचा भुगा."

"आणि ढग आले की, खोला? मग तुझा तो एक तास किती दिवसांचा होतो?"

"चहा ढोस आणि चालता हो!"

मीठ-लोणी घातलेला दुधाचा चहा मात्र वाडगा भरून द्यायची. तिच्या टोमण्यांशिवाय माझा दिवस सुरू होत नसे. शिवाय त्यांच्यामागचं दुखणं मला ठाऊक होतं. तिचा नवरा याच रस्त्यावर दरडीखाली गेला. त्यानंतर ती कधी जीपमध्ये बसली नाही. मुलाला, अलियोरला, तर तिने शपथच घातली होती: यायचं तर हवेतून, नाहीतर येऊ नकोस.

अलियोर मॉस्कोत बांधकामावर असतो. निघताना आमच्या रीतीप्रमाणे त्याने नानचा एक घास खाल्ला आणि उरलेली नान खोलाने भिंतीला टांगली. परतल्यावर ती त्यानेच संपवायची. चार वर्षं ती तिथेच लटकत होती.

यंदा मार्चमध्ये त्याला आठवड्याची रजा मिळाली. दुशान्बेपर्यंत पोचला, आणि डोंगरावर ढग बसले ते उठेचनात. खोला रोज सकाळी ठेवणीतला पोशाख घालून आभाळाकडे बघत बसायची. रोज दुपारी विमान रद्द. पोरगं फोनवर गयावया करायचं, "आई, जीपने येतो ना!"

"माझं मेलेलं तोंड बघशील," ती म्हणायची, आणि फोन ठेवून डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसायची.

रजेचे दोनच दिवस उरले. सकाळी मी जीपमध्ये माणसं भरत होतो, तर खोला समोर उभी. छातीशी रुमालात बांधलेली नान.

"शो, पुढची जागा रिकामी आहे?"

"खोला, अगं तुझी शपथ?"

"त्याला घातलीय. मला कुठे घातलीय?"

त्या रस्त्याची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. वाटभर तिच्या तोंडाचा पट्टा बंद. दरडीच्या जागी तिने माझी बाही मुठीत धरली ती पुढचं गाव ओलांडेपर्यंत सोडली नाही. मला ते सोसेना. म्हटलं, "खोला, शिव्या तरी घाल."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दुशान्बेला पोचलो. अलियोर विमानतळाच्या बाकावर पिशवी उशाला घेऊन झोपला होता. तिने त्याला हलवलं. तो दचकून उठला, आईला बघून लहान पोरासारखा रडला. नान दगड झालेली; चहात बुडवून बुडवून त्याने ती खाल्ली. शेवटचा तुकडा जाईपर्यंत ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

मग त्याचं लक्ष तिच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवयांकडे गेलं. "आई, किती वेळ लागला गं यायला?"

"एक तास," खोला म्हणाली आणि माझ्याकडे डोळे वटारले. "काय रे शो?"

"तासही नाही लागला," मी म्हटलं.