मातीला सोडतात का?

दिगंबर कोणत्याही देशाची चौकशी पाण्यापासून सुरू करायचा. "सर, जॉर्जियात पाणी कसं हाय?" असं त्याने एका सकाळी माझ्या ओसरीवर बसता बसता विचारलं. मी सिरसाळ्याच्या शाळेतून निवृत्त झालेला भूगोलाचा मास्तर. स्वतः हैदराबादच्या पलीकडे गेलो नाही, पण जगातल्या नद्या तीन पिढ्यांकडून घोकून घेतल्या. त्यामुळे मी उत्साहाने कॉकेशस पर्वत, तिथलं पर्जन्यमान असं सुरू केलं. त्याने सगळं आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तसं न्हाई सर. नळाला रोज येतं का? आन् दुष्काळात टँकर लागतो का?"

दिगंबर माझा अर्धा विद्यार्थी. अर्धा अशासाठी, की दिवाळी झाली की त्याचे आईवडील ऊसतोडीला निघायचे आणि हा त्यांच्याबरोबर. परत यायचा तो परीक्षा तोंडावर आल्यावर, उन्हाने रापलेला आणि मागचं सगळं विसरलेला. पुढे वडील गेले. हा पुण्यात एका कंपनीत फोन घ्यायच्या नोकरीला लागला आणि तिथे खोलीवरच्या मित्राकडून पोकर शिकला. पोकर म्हणजे आपल्या तीनपत्तीचा शहाणा थोरला भाऊ, असं त्याने मला समजावलं होतं. कॉम्प्युटरसमोर बसायचं, जगभरातल्या अनोळखी माणसांशी पैसे लावून खेळायचं. त्याने नोकरी सोडली, गावी आला, परळी रस्त्याला दोन खोल्या बांधल्या आणि आईच्या हातातला कोयता काढून घेतला.

गावाने त्याला काय म्हणावं? समोर भाऊ म्हणायचे, मागे जुगारी. मीही त्याला बरंच सुनावलं. डोकं आहे, परीक्षा दे, नोकरीला लाग, असले उद्योग भल्या माणसाचे नव्हेत. तो वाद घालायचा नाही. एकदा फक्त म्हणाला, "सर, ज्या डावातून उठता येत न्हाई, त्या डावात बसू न्हाई. मला उठता येतं. मी रोज उठतो." हे त्याचं ब्रह्मवाक्य होतं. लग्नाच्या बोलणीपासून सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत कुठेही तो ते लावायचा.

बाजारातला एक न्हावी त्याच्या मागेच लागला होता, मलाही शिकव म्हणून. दिगंबरने त्याला हॉटेलात नेलं, भज्यांची प्लेट मागवली आणि सांगितलं, पोटभर खा, फक्त शेवटचं भजं ठेवायचं. मी शेजारच्या बाकावर पेपर वाचत होतो. न्हाव्याने सगळी भजी खाल्ली, शेवटच्या भज्याकडे दोन-चारदा पाहिलं, गप्पा मारता मारता ते हळूच उचललं आणि तोंडात टाकलं. दिगंबर त्याचा हात धरून म्हणाला, "मामा, तुमचा वस्तरा लई चांगला हाय. तेवढंच करा." न्हावी महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. पण खेळलाही नाही, हे मला नंतर कळलं.

मग नवा कायदा आला आणि पैसे लावून खेळायची सगळी ॲप देशात बंद झाली. मला मनातून बरं वाटलं. कितीतरी घरं त्या मोबाइलपायी बसलेली मी पाहिली होती. दिगंबरनेही कायद्याला नावं ठेवली नाहीत. "बरंच झालं. शंभरातल्या नव्वदांना उठता येत न्हाई," म्हणाला. पण चोरूनमारून खेळणं त्याला नको होतं, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं. त्याचे खेळणारे मित्र कोणी कुठे, कोणी कुठे निघाले होते. खेळायचं तर देश सोडायचा, नाही तर खेळ सोडायचा. आणि घरात आई एकटी.

तेव्हापासून माझ्या ओसरीवर संध्याकाळी जगाचा नकाशा उलगडू लागला. दुबई जवळ, पण तिथे असला धंदा केला तर आत टाकतात, म्हणून ती गेली. युरोपातली एक-दोन नावं आली, तिथलं भाडं ऐकून ती परत गेली. जॉर्जियावर मात्र गाडी पुन्हा पुन्हा यायची. आपल्याकडची पोरं डॉक्टरकी शिकायला जातात तो देश. स्वस्त, नेट चांगलं, आणि त्याचे जुने खेळगडी तिथे जमलेले. चांगला खेळ चांगल्यांच्या संगतीत टिकतो, हे त्याचं म्हणणं मला पटायचं. मी तर बर्फाचं वर्णन करकरून त्याला मनाने तिथे पोचवूनही टाकलं होतं.

एका संध्याकाळी कौसाबाई, म्हणजे त्याची आई, स्वतः आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या. दिगंबरचे प्रश्न कुठून येतात ते मला त्या दिवशी कळलं. ऊसतोडीला जायचं ठरलं की टोळी नेणारा मुकादम घरी यायचा. नवरा मान डोलवायचा आणि कौसाबाई विचारायच्या. पाणी कुठून आणायचं, राहायची कोपी कुठल्या रानात घालायची, जवळ दवाखाना आहे का, बाईमाणसाला अंधारात जायला आडोसा आहे का. हेच सगळं त्यांनी मला जॉर्जियाबद्दल विचारलं. मी जमेल तशी उत्तरं दिली. खोलीतच संडास असतो म्हटल्यावर त्यांचं बरंच समाधान झालं.

मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "गुरुजी, तिथून मातीला सोडतेत का?"

मातीला, म्हणजे घरचं कोणी गेलं तर अंत्यविधीला. मला वाटलं त्यांचा काही गैरसमज झालाय. मी हसून सांगितलं की बाई, तिथे मुकादम नसतो, कोणी अडवत नाही, तिकीट काढलं की निघालं. त्या हसल्या नाहीत. दिगंबर खाली बघत होता.

कौसाबाईंचं माहेर युसूफ वडगाव. एका वर्षी त्या कोल्हापूरकडे उसाच्या फडात असताना त्यांची आई वारली. निरोप मुकादमाकडे आला. त्याने आगाऊ उचल दिलेली, गाडी भरायची होती, जोडीतलं एक माणूस कमी झालं असतं. त्याने निरोप पोटात ठेवला आणि गाड्या भरून झाल्यावर सांगितला. कौसाबाई पोराला कडेवर घेऊन माहेरी पोचल्या तेव्हा राख सावडूनही झाली होती. "तोंड न्हाई बघितलं," त्या मला म्हणाल्या. "जागा दावली मला. म्हणले हितं हुती. रानातली जागा बघून काय रडू येतं का, गुरुजी?" ते कडेवरचं पोर म्हणजे दिगंबर.

मी विचारलं, मुलाच्या धंद्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? मला वाटलं होतं, आईच्या तोंडून तरी त्याला दोन शब्द ऐकवता येतील. त्या म्हणाल्या, "जुगारच हाय. पण कोयता न्हाई."

जाताना त्यांनी मला बजावलं की पोराला जिथे धंदा आहे तिथेच पाठवा, माझ्यासाठी अडवू नका. पण दिगंबरचं त्या दिवशी ठरून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने नकाशावर बोट ठेवलं ते श्रीलंकेवर. मी चिडलो. तिथे ना त्याचे मित्र, ना तसा खेळ, आणि व्हिसा संपला की दर वेळी बाहेर पडायचं, पुन्हा जायचं. घरात बसून खेळणाऱ्या बाहेरच्या माणसाला तिथे कोणी हटकत नाही, असं त्याने चौकशी करून ठरवलं होतं. खरं-खोटं त्याला माहीत. मी म्हटलं, "कावून रे? जॉर्जियात काय खोट आहे?" माझ्या तोंडी गावची बोली आली की मी रागावलोय, हे त्याला शाळेपासून ठाऊक होतं.

"सर, जॉर्जियातून मी पोचतो तिसऱ्या दिवशी," तो म्हणाला. "लंकेतून हैदराबाद, हैदराबादेतून गाडी. सकाळी कळलं तर दिवस मावळायच्या आत येतो."

निघताना कौसाबाईंनी त्याला फडावर जाताना बांधायच्या तसाच बोजा बांधून दिला. बाजरीचं पीठ, कारळाची चटणी, आणि कोणास ठाऊक का, एक नवा विळा. कांदा कापायला लागतो म्हणाल्या. विमानतळावर विळा अर्थातच काढून घेतला. त्याने आईला ते कधी सांगितलं नाही. फोनवर ती विचारायची, विळ्याची धार हाय का, आणि हा म्हणायचा, हाय.

तिथे त्याचं बेतास बात चाललं. खेळगडी जॉर्जियात पुढे गेले, हा एकटा समुद्राकाठच्या खोलीत बसून खेळायचा. व्हिसा संपला की घरी यायचा, आठ-पंधरा दिवस राहायचा आणि माझ्यासाठी चहाची पुडी आणायचा. मी दर वेळी जॉर्जियाचा विषय काढायचो. तो दर वेळी म्हणायचा, "बघू."

वैशाखात एका पहाटे कौसाबाई दूध तापवायला उठल्या आणि चुलीजवळच कलंडल्या. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून शेजारीण आत आली. मला बोलावणं आलं. नाडी वगैरे बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. फोन मीच केला. तो एवढंच म्हणाला, "सर, थांबवून धरा. मी निघालो."

दुपारनंतर भावकीत चुळबूळ सुरू झाली. ऊन मरणाचं, बर्फ आणलेला वितळत होता. कौसाबाईंचे दीर तात्या म्हणाले की पोरगं परदेशातून काय आज पोचतंय, पुतण्या अग्नी देईल, दिवस मावळायच्या आत उरकू. चारचौघांनी माना हलवल्या. त्यांचंही चुकत नव्हतं. मी आयुष्यात भावकीच्या मध्ये पडलो नाही, त्या दिवशी मात्र दारात खुर्ची टाकून बसलो. माझ्या फोनवर निरोप यायचे आणि मी मोठ्याने सांगायचो: हैदराबाद सोडलं. बिदर सोडलं. उदगीर सोडलं. शाळेत हीच गावं मी नकाशावर छडीने दाखवत आलो होतो. त्या दिवशी एकेक गाव मागे पडावं म्हणून मी देवाची करुणा भाकत होतो.

परळी सोडलं म्हणून फोन आला तेव्हा सूर्य बाभळीच्या शेंड्यावर होता. तात्याच म्हणाले, "आता थांबा सगळे."

तो आला. गाडीतून उतरून चप्पल काढली, सरळ आत गेला आणि आईच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं. रडला नाही. नुसता बघत राहिला, बराच वेळ, आणि कोणी त्याला घाई केली नाही. मग तिच्या तोंडात पाणी घातलं आणि म्हणाला, "आये, बघितलं गं." माझ्या डोळ्यांतलं पाणी तेव्हा खळेना. मास्तरकीचा सगळा आब त्या गर्दीत गेला.

दहावं झाल्यावर तो ओसरीवर आला. मी मुद्दाम नकाशा काढून ठेवला होता. म्हटलं, आता तरी जा जॉर्जियाला, आता तुला अडवणारं कोणी नाही. ते वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि किती वाईट आहे ते मलाच ऐकू आलं.

"आता कुठलाबी देश सारखाच हाय, सर," तो म्हणाला. नकाशाकडे त्याने पाहिलंच नाही. पाण्याचं विचारलं नाही, दवाखान्याचं नाही. हा माणूस चौकशी न करता निघालाय, हे बघून मला भीती वाटली. डावातून उठता येणं वेगळं, आणि उठून जायला घरच नसणं वेगळं.

चहा झाला. तो उठला, पायरीपर्यंत गेला आणि परत आला.

"सर, तुमचं पोरगं पुण्यात असतं ना?"

"हो. का रे?"

"न्हाई, त्यो तर येईलच. पण त्येच्याजवळ माझाबी नंबर देऊन ठेवा. तुमाला काही झालं तर मला कळवायचं." तो जरा घुटमळला. "मी मातीला येईन."

माझ्या मरणाची इतक्या साध्या शब्दांत कोणी कधी तजवीज केली नव्हती. मी नकाशा पुन्हा उलगडला, चष्मा लावला आणि त्याला जवळ बसवून घेतलं.

"ये इकडे," मी म्हटलं. "मग जॉर्जिया लांब पडेल."