फाट्यावरची इतवारी बाई

दवाखान्याची जीप दारात उभी असायची, ड्रायव्हर जांभया देत बसलेला असायचा, आणि इतवारी बाई छत्री काखेत मारून पायीच फाट्याकडे निघालेली असायची. जीपमध्ये बसायचं नाव नाही. डॉक्टरसाहेबांनी सुरुवातीला समजावून पाहिलं, "म्याडम, आमच्याकडच्या बसचं काही खरं नसते." ती हसून म्हणायची, "इसीलिए तो जाता है." पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. डोक्यावर कापडी टोपी, पायात साधी रबरी चप्पल. फाट्यावर जे पहिलं वाहन थांबेल ते तिचं. "पहले चढो, बाद में पूछो किधर जाता है," हा तिचा प्रवासाचा एकच नियम होता, आणि त्या नियमापायी आम्ही दोघी कुठं कुठं जाऊन पडलो ते सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही.

ती फिलिपिन्सची. तिकडे मोठ्या दवाखान्यात रुग्णांना व्यायाम शिकवण्यात तिचा जन्म गेला होता. नोकरी संपल्यावर पगार न घेता काम करायला ती गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या दरेकशाच्या भागातल्या एका धर्मादाय दवाखान्यात वर्षभरासाठी आली. गावातल्या बाया तिला विचारायच्या, "नेपाळची का वो बाई तू?" ती सांगायची, "फिलिपिन्स." बाया म्हणायच्या, "हो, तेच." महिनाभरानं तिनं तो नाद सोडला. तिचं खरं नाव कोणाच्या जिभेवर बसेना. दर इतवारी भटकायला निघते म्हणून ती इतवारी बाई झाली. तिलाही ते नाव इतकं आवडलं की फोन उचलला की "हां, इतवारी बोलता है," असंच म्हणायची.

माझी तिची गाठ पडली ती माझ्या पायामुळं. लहानपणी धानाच्या चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या चाकाखाली माझा उजवा पाय गेला, गुडघ्याखालून. नकली पाय मिळाला, पण मी तो घरात खुंटीला टांगून ठेवत असे, कारण त्याची गरजच पडत नव्हती. बाबा मला उचलून शाळेत नेत. बसमध्ये चढायचं असलं की लोक उचलत. आमच्याकडची माणसं मोठी मायाळू. अपंग पोरगी दिसली की चार हात पुढं येतात, बगलेत धरून धानाच्या पोत्यासारखी उचलतात आणि सीटवर नेऊन ठेवतात. कोणी विचारत नाही, आणि वाईटही कोणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

बारावी झाली तेव्हा मला गोंदियाला कॉलेजात जायचं होतं. जीव टांगणीला लागला होता माझा त्यासाठी. बाबांनी एका वाक्यात विषय मिटवला, "मी आहो तोवर मी उचलतो. गोंदियाच्या बसमध्ये तुले रोज कोण उचलते?" त्यांचं चूक नव्हतं. धानाचं शेत, घरी त्यांची म्हातारी आई, ते तरी किती धावणार? मी रात्रंदिवस तोंड फुगवून बसले. दवाखान्यात व्यायामाला आलेली पोरगी बोलत का नाही, हे इतवारी बाईनं विचारून घेतलं आणि म्हणाली, "संडे को मेरे साथ चलो. घूमने का."

मला वाटलं, गरीब पोरीला दोन ठिकाणं दाखवणार बिचारी. पहिल्या इतवारी मी नकली पाय चढवून फाट्यावर गेले, बस आली. सवयीप्रमाणं कंडक्टरभाऊ आणि दोघं जण धावले, मला उचललं, सीटवर ठेवलं. सगळे खूश. इतवारी बाई चढलीच नाही. खाली उभी राहून म्हणाली, "उतरो. फिर से चढो." मला वाटलं हिचं डोकं फिरलं. कंडक्टर म्हणाला, "म्याडम, तिले एक पाय नाही." ती म्हणाली, "एक तो है ना." बस थांबलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मागून एक म्हातारी ओरडून राहिली, "कायले छळून राहिली वो पोरीले?" मी रडत रडत उतरले. दांडा धरला, चांगला पाय पहिल्या पायरीवर टेकवला, नकली पाय वर ओढला, घसरले, पुन्हा टेकवला. बसमधली सगळी माणसं माझ्याकडे पाहून राहिली होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. सीटवर बसल्यावर मी तिच्याशी आमगावपर्यंत एक शब्द बोलले नाही. तिनंही मनधरणी केली नाही, खिडकीतून धानाच्या बांध्या पाहत उकडलेल्या शेंगा खात बसली.

पुढच्या इतवारी मी जाणार नव्हते. गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. मग आम्ही धबधब्याला गेलो, धरणाला गेलो. पॅसेंजर गाडी मालगाडीला वाट देण्यासाठी बाजूला टाकली की तास तास उभी राहायची. लोक रेल्वेला शिव्या घालायचे आणि ही बाई मला म्हणायची, "अच्छा है, टाइम मिला. नीचे उतरो, ऊपर चढो." डब्याची पायरी जमिनीपासून माझ्या कंबरेइतकी उंच. मी उतरायचे, चढायचे. खिडकीतले लोक आधी हसले, मग मोजायला लागले, मग सांगायला लागले, "दांडा वरून धर, बाई." तिच्या देशात म्हणे जीपगाडीच्या मागच्या दारातून वाकून चढावं लागतं, आणि गाडी कधीच पुरती थांबत नाही. तिथं तिनं म्हाताऱ्यांनाही चढायला शिकवलं होतं.

एकदा आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडला निघालो आणि तिच्या नियमामुळं भलत्याच बसमध्ये बसून देवरीला पोचलो. मी कपाळावर हात मारला. तिला काडीचाही फरक पडला नाही. पुन्हा तीन गाड्या बदलून प्रतापगडच्या पायथ्याशी आलो तेव्हा दुपार कलली होती. वर चढायला वेळच उरला नव्हता. खालूनच वरच्या देवाला हात जोडले. मी म्हटलं, "बाई, गड तर पाहिलाच नाही." तिनं मोबाईल काढून फोटो दाखवले. वर्षभराच्या भटकंतीत डोंगराचा एक, पाण्याचा एक, आणि बाकी सगळे बसच्या दारात दांडा धरून उभ्या असलेल्या माझे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की ही बाई इतके दिवस नेमकं काय पाहायला निघत होती.

तिचं वर्ष संपत आलं. ती आमच्या घरी आली, भाकर आणि पातोडीची भाजी खाल्ली आणि हात धुऊन बाबांना म्हणाली, "सोमवार को मेरा गाड़ी. लड़की अकेला गोंदिया स्टेशन आएगा. आया तो कॉलेज." बाबांनी विचारलं, "अन् नाही आली तं?" ती म्हणाली, "तो घर." बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मी मान हलवली.

सोमवारी नेमकी सकाळची बस आलीच नाही. कुठल्याशा लग्नाला गेली, असं कोणीतरी सांगितलं. काळीपिवळी थांबली. ड्रायव्हर उतरून आला, "ये बाई, उचलून देतो." मी म्हटलं, "हात लावू नका, भाऊ." स्वतः चढले. सालेकशाला उतरून गाडी पकडली. तीही स्वतः. आणि गोंदियाच्या अलीकडे, सिग्नलजवळ, गाडी उभी राहिली ती राहिलीच. मी दारात येऊन पाहत होते. आमच्या शेजारून नागपूरची गाडी पुढं निघून गेली. त्याच गाडीत ती गोंदियाला चढणार होती.

प्लॅटफॉर्मवर उतरले तेव्हा बाकडी रिकामी. मी हुंदके देऊन रडले. तेवढ्यात तिचा फोन आला. "किधर है?" "गोंदिया." "कौन लाया?" "कोई नहीं." "कौन उठाया?" "कोई नहीं." मग तिचा आवाज फोनपासून दूर गेला. सगळ्या डब्याला ती सांगत होती, "मेरा लड़की गोंदिया आया, अकेला." कोणीतरी विचारलं असावं, की गोंदियाला येणं ही काय एवढी मोठी गोष्ट. तिनं त्याला सुनावलं, "तुमको नहीं मालूम." माझा इतका अभिमान आजवर कोणाला वाटला नव्हता, आणि तिचा मला किती आहे ते मी अजून तिला धड सांगू शकलेले नाही.

मग मी बाबांना फोन लावला. "बाबा, तिची गाडी गेली," म्हटलं, आणि पुन्हा रडू आलं.

"मंग तू कुठून बोलून राहिली? थांब, येतो मी घ्यायले."

"गोंदियाच्या टेशनवर आहो."

"कोण होतं संगं?"

"कोणीच नाही."

बाबांनी घसा खाकरला.

"गेलीच आहे तं कॉलेजातून फारम घेऊनच ये."