आवाज कधी येतो?

आमच्या जुन्या व्हॅनचा ब्रेक दाबला की बारीक, चिरका आवाज यायचा. आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात गाडी थांबली की भाजीवाल्या बाया कानात बोटं घालायच्या. मी नवऱ्याला महिनाभर सांगत होते, दाखवून आणा. ते म्हणायचे, "पाहू." त्यांचं हे "पाहू" मला लग्नापासून ठाऊक आहे. माणूस माझं ऐकत नाही, हा माझा जुनाच राग. भाजी कशी झाली विचारावं तर उत्तर नाही, नातीने मागून हाक मारावी तर वळून पाहणं नाही. वर स्वतः बोलणार ते ओरडून, जणू आम्हीच बहिरे.

व्हॅनवरच आमचं घर चालतं. आजूबाजूच्या गावांतले लोक दवाखान्यात जायला, साक्षगंधाला-साखरपुड्याला जायला यांनाच बोलावतात आणि निर्धास्त झोपी जातात गाडीत. शेवटी एका सवारीनेच "गाडी लय ओरडून राहिली" म्हटलं, तेव्हा हे गोंदियाला निघाले. मीही बसले. एकटे गेले असते तर मेकॅनिकसोबत चहा पिऊन परत आले असते.

मेकॅनिकने विचारलं, "काका, आवाज कब आता है? हलका दबाने पे, या जोर से?"

"येते कधी कधी," हे म्हणाले.

याने त्याचं काय भागणार? तो म्हणाला, चला, एक चक्कर मारू, तुम्हीच चालवा, आवाज आला की सांगा. तो पुढे बसला, मी मागच्या सीटवर.

मोकळ्या रस्त्यावर यांनी ब्रेक दाबला. आवाज आला, माझं तोंड वाकडं झालं आणि क्षणभराने हे म्हणाले, "हां, आला." पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा माझी नजर सहज आरशाकडे गेली. हे रस्त्याकडे नव्हे, आरशात माझ्याकडे पाहत होते.

मला काहीतरी खटकलं. पुढच्या वेळी ब्रेक चिरकला तेव्हा मी चेहरा दगडासारखा ठेवला. हे गप्प. मग गाडी नुसती हळू झाली, आवाजाचा पत्ता नव्हता, आणि मी मुद्दाम डोळे मिचकावून तोंड वाकडं केलं.

"आला," हे म्हणाले.

मेकॅनिक चमकला. "अभी कहाँ आया, काका?"

हा गॅरेजवाला चारचौघांत बोलला तर उद्या यांच्या गाडीत कोण बसणार? मी मागून ठणकावून म्हटलं, "आला ना. मी पण ऐकला." त्याने खांदे उडवले.

चाक खोलल्यावर त्याने दाखवलं. ब्रेकचं पॅड झिजत आलं होतं आणि त्याची पत्र्याची छोटी पट्टी चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला घासत होती. ती पट्टी कंपनीच मुद्दाम लावते, तो म्हणाला, पॅड संपत आलं हे ड्रायव्हरच्या कानावर जावं म्हणून. हे मान हलवत राहिले. त्यांच्याकडे मला पाहवेना.

नवं पॅड बसवून निघालो. मी पुढे बसले. गाव मागे पडल्यावर त्यांच्या हाताला स्पर्श केला आणि थांबा म्हणून खूण केली. गाडी शेताच्या कडेला, धानाच्या बांधीजवळ उभी राहिली. मी तोंड त्यांच्याकडे करून विचारलं, "कधीपासून?"

"जाड आवाज येते. बारीक नाही येत. दोन-तीन वर्षं झाले."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तू चाबी काढून घेतली असती."

घेतली असती, यात शंका नाही. दोन-तीन वर्षं मी या माणसाशी कशाकशावरून भांडले, तेच आठवत राहिलं आणि मला रडू आलं. ऐकत नाही आणि ऐकू येत नाही, यांतला फरक मला कळलाच नव्हता. पण त्याच गाडीत लोकांची लेकरं झोपतात, हेही दिसत होतं. डोळे पुसून मी म्हटलं, "आधी कानाच्या डॉक्टरकडे. तोवर सवारी नाही."

वाटलं, आता हे भडकतील. त्यांनी मात्र खिशातला मोबाईल काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"उद्याची देवरीची सवारी आहे, त्याईले नाही म्हणून सांग," ते म्हणाले. "तूच बोल. मले फोनवर काही समजत नाही."